उतरलेलं वजन, उरलेली कातडी

वजन घटवल्याच्या जाहिरातीतला दुसरा फोटो कधी नीट पाहिलात? पहिल्या फोटोत माणूस सैल कुर्त्यात, पोट पुढे आलेलं, चेहरा पडलेला. दुसऱ्यात तोच माणूस जीन्समध्ये, शर्ट खोचलेला, पट्टा आवळलेला, हसरा. फोटो खोटा नसतो. पण खोचलेल्या शर्टाच्या आत काय आहे ते त्यात दिसत नाही. चाळीस-पन्नास किलो उतरवलेल्या माणसाच्या पट्ट्याखाली बहुतेक वेळा पोटाच्या कातडीची एक घडी दुमडून बसवलेली असते. दंडाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, छातीखाली अशाच घड्या असतात. त्याला वजन उतरवायला सांगणाऱ्यांपैकी हे आधी कुणीच सांगितलेलं नसतं. माझी तक्रार या न सांगण्याबद्दल आहे.

विषय आता घेण्याला कारण आहे. कालपरवापर्यंत एवढं वजन उतरवणारी माणसं म्हणजे बेरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची शस्त्रक्रिया झालेली, नाहीतर वर्ष-दोन वर्षं जिद्दीने आहार-व्यायाम सांभाळणारी. दोन्ही मोजकीच. 2025 च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली आणि चित्र पालटलं. मौंजारोतलं औषध म्हणजे टर्झेपटाइड. त्याच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत सरासरी 20.9 टक्के वजन उतरलं, म्हणजे शंभर किलोच्या माणसाचे एकवीस किलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल निघाले होते. तेव्हा सैल कातडी घेऊन वावरणारी माणसं यापुढे प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक स्टाफरूममध्ये असणार आहेत, आणि ती आपल्या अंगावरची ही गोष्ट कुणालाच न सांगता जगणार आहेत.

आधी त्वचेचं समजून घेऊ. वरच्या पातळ थराखाली जो जाड थर असतो, त्यात दोन प्रकारचे तंतू महत्त्वाचे. कोलॅजन त्वचेला बळकटी देतं, इलास्टिन तिला ताणल्यावर मूळ जागी परत आणतं. त्यातलं कोलॅजन शरीर आयुष्यभर थोडंफार बनवत राहतं. इलास्टिनचं तसं नाही. ते बहुतांशी जन्माआधी आणि लहानपणी तयार होतं, पुढे जवळजवळ होतच नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या परकराचं इलास्टिक कंबर बारीक झाली म्हणून आखडत नाही, तशीच पंधरा-वीस वर्षं ताणात राहिलेली त्वचा आतली चरबी गेली म्हणून मागे येत नाही. मोठं वजन उतरवलेल्यांची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा हे तंतू विरळ झालेले, तुटलेले दिसले. म्हणजे दोष लोंबण्यात नाही, नुकसान आधीच झालेलं असतं. चरबी असेपर्यंत ते झाकलेलं राहतं, एवढंच.

त्यामुळे कुणाची कातडी किती सैल पडणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. वजन जास्तीत जास्त किती झालं होतं, किती वर्षं तसं राहिलं, त्यातलं किती उतरलं, वय काय, आईवडिलांकडून त्वचा कशी मिळाली, उन्हात किती काम केलं, तंबाखू किती. पंचविशीतल्या मुलीने पंधरा किलो उतरवले तर वर्ष-दीड वर्षात त्वचा बऱ्यापैकी आवळून येते. पन्नाशीतल्या बाईने पंचेचाळीस किलो उतरवले तर ती येणार नाही, मग तिने काहीही चोळो, काहीही खाओ.

हे मी एवढं ठासून लिहिते, कारण माणसं यात स्वतःला दोष देतात. गेल्या महिन्यात या स्तंभात वजनाच्या इंजेक्शनांवर लिहिलं होतं. त्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. दोन वर्षांत बेचाळीस किलो उतरवले, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, गुडघे दुखायचे थांबले. आणि पुढे तिने लिहिलं होतं की, माझं काहीतरी चुकलंच असणार, नाहीतर अंग असं झालं नसतं. लग्नाकार्यात भेटणाऱ्या बायका विचारतात, ‘काय गं, केवढी वाळलीस! शुगर निघाली का?’ बिनबाह्यांचे ब्लाउज तिने आयुष्यात पहिल्यांदा शिवून घेतले आणि दंड पाहून तसेच कपाटात ठेवले. तिचं काहीही चुकलेलं नाही. तिच्या डॉक्टरांचं चुकलं. बेचाळीस किलो उतरवायचा बेत ठरला त्याच दिवशी त्यांनी तिला पुढे असं होईल, अमुक करता येईल, अमुक करता येणार नाही, हे दहा मिनिटं बसवून सांगायला हवं होतं.

काय करता येतं, तर फार नाही, पण जे आहे ते करण्यासारखं आहे. सगळ्यात मोलाचं म्हणजे स्नायू राखणं. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा फक्त चरबी जात नाही. इंजेक्शनांच्या चाचण्यांत उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, चरबीखेरीजचा होता. दंडाच्या आणि मांडीच्या कातडीला आतून आधार असतो तो स्नायूंचा. चरबीबरोबर तोही गेला की कातडी दुप्पट लोंबते, शिवाय जिना चढताना पाय थरथरतात ते वेगळंच.

आपल्याकडे व्यायाम म्हणजे चालणं. ‘मी रोज पाच किलोमीटर चालते’ हे मला इतक्या जणी अभिमानाने सांगतात की पुढचं बोलणं जड जातं. चालणं उत्तम आहे, सोडू नका. पण चालून दंडाला काही मिळत नाही. आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस स्नायूंना ओझं द्यायला हवं: डंबेल, रबरी बँड, जिममधली यंत्रं. तेही नको असेल तर भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, मग हळूहळू खऱ्या बैठका. पोटाच्या सैल घडीवर याचा परिणाम फारसा दिसत नाही, हे आधीच माहीत असू द्या. दंड, खांदे, मांड्या, पार्श्वभाग यांवर दिसतो.

आणि ताटातली प्रथिनं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली निरोगी प्रौढासाठी रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. वजन उतरवत असताना स्नायू टिकवायला आहारतज्ज्ञ साधारण 1.2 ग्रॅम किंवा थोडी अधिक सांगतात. सत्तर किलोच्या बाईला म्हणजे रोज ऐंशीच्या वर. आता आपलं ताट बघा. सकाळी बशीभर पोहे, चार ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, थोडा भात: अठरा ते वीस. रात्री तेच, पण कमी, कारण ‘रात्री हलकं’. एकूण पस्तीस-चाळीसच्या पुढे गाडी जात नाही. त्यात आठवड्यातून दोन उपास, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. भूक मारणारं इंजेक्शन चालू असेल तर हेही अर्धंच पोटात जातं. एका अंड्यात सहा ग्रॅम, कोरड्या सोयाबीन वड्या पन्नास ग्रॅम घेतल्या तर पंचवीसच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. मटकीची घट्ट उसळ, दही, फुटाणे, मासे खाणाऱ्यांना मासे. पातळ वरण घट्ट करा, पोळी एक कमी करा, उसळ रोजची करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही वाढवू नका.

वेगाबद्दल फार बोललं जातं. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही चाल बरी, कारण त्यापेक्षा खूप वेगाने उतरलं तर स्नायू जास्त जातात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पण सावकाश उतरवलं म्हणजे कातडी सैल पडणार नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. साठ किलो सावकाश उतरवले तरी साठच उतरतात.

तंबाखूचं वेगळं सांगायला हवं. निकोटीनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धूम्रपानाने कोलॅजनची झीज होते. दवाखान्यात विचारतात, ‘सिगारेट ओढता का?’ बाई मान हलवून ‘नाही’ म्हणते, आणि ते खरंच असतं. पण सकाळ-संध्याकाळ ती मिश्री लावते, हे तिला कुणी विचारत नाही आणि तिला स्वतःहून सांगण्यासारखं वाटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं. पुढे शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर याच न विचारलेल्या प्रश्नापायी जखम भरत नाही.

याखेरीज बाजारात जे मिळतं त्यातलं बहुतेक टाकाऊ. त्वचा ‘घट्ट’ करणाऱ्या क्रीमचा ओलावा वरच्या थरात राहतो, तुटलेलं इलास्टिन ते सांधत नाही. कॉफीचे स्क्रब, पोटाला गुंडाळायच्या पट्ट्या, घाम काढणारे बेल्ट यांनी पाणी उतरतं, ते संध्याकाळी परत येतं. बाळंतिणीचं पोट बांधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या पट्ट्याने पाठीला आधार मिळतो, बरं वाटतं, पण कातडी आत जात नाही. दाब देणारे घट्ट कपडे व्यायाम करताना जरूर घाला, घडी हलत नाही, घासत नाही. तेवढाच त्यांचा उपयोग. कोलॅजनची पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचून तिचे तुकडे होतात आणि ते तुकडे पोटाच्या घडीकडेच जातील अशी काही सोय शरीरात नाही. त्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी येतात. रेडिओफ्रीक्वेन्सीची यंत्रं किंचित सैल त्वचेला थोडीफार आवळतात, लोंबणाऱ्या घडीला नाही. लायपोसक्शनने चरबी निघते, कातडी तशीच राहते, कधी आणखी सैल दिसते.

आता त्या घडीच्या आत काय चालतं ते. ज्यांनी ही घडी वागवलेली नाही, त्यांना हा सगळा दिसण्याचा प्रश्न वाटतो. जूनच्या दमट हवेत, मुंबईत किंवा कोकणात, पोटाच्या घडीखाली कातडीला कातडी दिवसभर चिकटून राहते. आत घाम साचतो, हवा लागत नाही. आधी लालसर रेघ उमटते, मग ती चुरचुरते, मग पांढरट ओलसर थर धरतो, वास येऊ लागतो, कडेला भेगा पडून रक्त येतं. लोकलमध्ये उभ्याने तासभर प्रवास करून आलेली बाई घरात शिरल्यावर आधी बाथरूममध्ये जाते ती यासाठी. काखेत, जांघेत, छातीखाली तेच. लाजेपायी ती औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणते. बहुधा त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस थंड वाटतं, मग बुरशी दुप्पट पसरते आणि त्वचा आणखी पातळ होते. देशात चिवट गजकर्ण माजवण्यात या मिश्र ट्यूबांचा मोठा हात आहे, हे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आहेत. ती ट्यूब आणू नका. आंघोळीनंतर घडी उचलून धुतलेल्या मऊ सुती कापडाने टिपून कोरडी करा, घासू नका. दोन कातड्यांच्या मधे सुती पट्टी ठेवा आणि ती ओली झाली की बदला. पावडरचे थर देऊ नका, घामात तिचे गोळे होऊन तेच टोचतात. लाली चार दिवसांत गेली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी फेकू नका, ती जपून ठेवा. का, ते पुढे येतं.

मोठी घडी जाते ती शस्त्रक्रियेनेच. पोटाची, दंडाची, मांड्यांची, गरजेनुसार टप्प्याटप्प्याने. घाई इथे उपयोगाची नाही. वजन निदान सहा महिने एका जागी टिकलेलं असावं लागतं, बेरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर बहुधा वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, तंबाखू निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद हवा, हिमोग्लोबिन आणि प्रथिनं नीट हवीत. मूल व्हायचं असेल तर पोटाची शस्त्रक्रिया त्यानंतर. शस्त्रक्रियेचा व्रण लहान नसतो. पोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, दंडावर काखेपासून कोपरापर्यंत. आपल्या सावळ्या त्वचेवर व्रण जाड होण्याची, केलॉइड उठण्याची शक्यताही अधिक. जखमेत पाणी साचणं, कड उसवणं, पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होणं हे धोके खरे आहेत. हे सगळं ऐकूनही ज्यांनी ती करून घेतली त्यांच्यापैकी बहुतेकजण समाधानी असतात. त्यांना चालता येतं, बसता येतं, पाळीच्या दिवसांत स्वच्छ राहता येतं.

इंग्लंडमधल्या पॉल मेसन यांची हकिगत जगभर छापून आली होती. एकेकाळी त्यांचं वजन साडेचारशे किलोंच्या आसपास होतं. 2010 साली सरकारी आरोग्यसेवेने त्यांची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया केली, जवळपास दोनतृतीयांश वजन उतरलं आणि अंगावर कातडीचे जड पदर राहिले. चालणं कठीण, ठिकठिकाणी जखमा. ते काढून घेण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. अखेर वर्तमानपत्रात आलेल्या हकिगतीमुळे न्यूयॉर्कच्या प्लास्टिक सर्जन डॉ. जेनिफर कॅपला पुढे आल्या आणि 2015 साली त्यांनी एकही पैसा न घेता वीस किलोंहून अधिक कातडी काढली. उपचाराचा पहिला भाग सरकारने केला, दुसरा एका डॉक्टरच्या चांगुलपणावर सुटला. मला यात चांगुलपणाचं कौतुक आहेच, पण तो नसता तर काय, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

कारण आपल्याकडे हाच अर्धवटपणा कागदावर लिहून ठेवलेला आहे. आरोग्य विम्यात काय वगळायचं याची भाषा विमा नियामकाने 2019 साली सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिली. त्यातल्या सहाव्या कलमानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 40 किंवा त्यावर असेल, अथवा 35 किंवा त्यावर असून हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार यांपैकी काही असेल आणि साधे उपाय थकले असतील, तर स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. हे चांगलंच झालं. मग येतं आठवं कलम. रूप बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली. अपवाद अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा, आणि आरोग्याला थेट, तातडीचा धोका असून डॉक्टरने तसं प्रमाणित केलं असेल तर. जीएसटीचा कायदाही त्याच वाटेचा. उपचारांना कर माफ आहे, पण प्लास्टिक सर्जरीला माफी फक्त जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांपायीच्या शस्त्रक्रियेलाच. आजाराच्या उपचारातून उरलेल्या कातडीचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे विमा कंपनीने पैसे देऊन ज्याचं वजन उतरवलं, त्याच माणसाला तिथून पुढे हौशी ठरवलं जातं. लाखांतला खर्च, वर कर.

हे बदलायला हवं. स्थूलता हा आजार मानून तिच्या शस्त्रक्रियेचा खर्च द्यायचा, तर तिच्या मागे उरणारी, कुजणारी, चालू न देणारी घडीही त्याच आजारात धरली पाहिजे. वारंवार होणारा संसर्ग, न भरणाऱ्या जखमा, हालचालीला अडथळा असे ठरावीक निकष नियामकाने घालून द्यावेत, म्हणजे कुणी केवळ हौस पुरवून घेणार नाही आणि कुणी खऱ्या गरजेला नाडलं जाणार नाही. आणि वजनाचं इंजेक्शन लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझी हात जोडून विनंती आहे, पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीच कातडीबद्दल बोला. ऐकून कुणी पाठ फिरवणार नाही. सैल कातडीने हृदय बंद पडत नाही, साखर वाढत नाही, पोटातल्या चरबीने दोन्ही होतं, हे माणसांना कळतं.

नियम बदलेपर्यंत तुमच्या हातात आठव्या कलमातली ती शेवटची ओळ आहे. घडीखालच्या प्रत्येक संसर्गाची तारखेसह चिठ्ठी ठेवा, त्या वेळचे फोटो ठेवा, उपचार करूनही पुन्हा झाल्याचं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शस्त्रक्रिया का गरजेची आहे याचं प्रमाणपत्र लावूनच दावा करा. कंपनीने नाकारला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीने नकार कळवल्यापासून एका वर्षाच्या आत ती करायची असते.